नीयत साफ, हिशेब बाकी

हेतू चांगला असेल तर माणसाची चूक माफ व्हावी का? प्रश्न जुना आहे. मदरशांत, कोर्टांत आणि चहाच्या टपऱ्यांवर त्याचा भरपूर कीस पाडून झाला आहे. आम्ही त्यात नव्याने पडलो त्याला कारण पुस्तकी नाही. आमच्या डाव्या कानाच्या आत, मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर, अकरा मिलिमीटरची एक गाठ निघाली. ती सापडायच्या आधी तिच्यापायी एका मुलाने बापाचा मार खाल्ला. गाठ आमची, मार त्याचा.

मराठीत ‘नियती’ म्हणजे दैव. उर्दूत ‘नीयत’ म्हणजे मनातला इरादा. दोन्ही शब्द एकाच तोंडात घेऊन फिरणाऱ्या आमच्यासारख्याची कधीकधी पंचाईत होते. काही बिघडलं की मराठीतून दैवाकडे बोट दाखवता येतं आणि उर्दूतून स्वतःच्या स्वच्छ मनाकडे. दोन्हीकडे बोट दाखवून झाल्यावर ज्याचं नुकसान झालं तो बाजूला तसाच उभा राहतो.

आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गाला इतिहास आणि उर्दू. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतर शहरातले आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हाची ही गोष्ट. मुलं दीड वर्षाने वर्गात आली होती. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आम्ही टेबलाशी बसून, मान खाली घालून हजेरी घेत असू. नाव पुकारायचं, ‘हाजिर, जनाब’ ऐकू आलं की खूण करायची. आमच्या डाव्या हाताला, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. आवाज बारीक, स्वभाव बुजरा. दोन महिन्यांत त्याच्या नावापुढे बारा-तेरा गैरहजेऱ्या लागल्या. आम्ही घरी निरोप धाडला. बाप यंत्रमागावर टॉवेल विणणारा कामगार. दिवसाची मजुरी बुडवून तो शाळेत आला, हजेरीपट पाहिला आणि काही न बोलता घरी गेला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या दंडावर वळ होते.

आम्ही त्याला विचारलं, शाळा बुडवून जातोस कुठे? तो म्हणाला, “मैं तो रोज आता सर. हाजिर बोल्या था मैं.” आम्ही म्हणालो, खोटं बोलतोस. भर वर्गात म्हणालो. आमची नीयत साफ होती. मुलगा वाया जाऊ नये, हीच तळमळ होती.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आमच्या कानाचं प्रकरण बाहेर आलं. सुरुवातीला कानात मळ आहे असं निदान झालं. मळ काढला, थेंब घातले, फरक पडला नाही. एका डॉक्टरांनी बापजाद्यांचा धंदा विचारला. अब्बा मागावर होते हे कळताच ते म्हणाले, “मग बरोबर आहे, लहानपणी मागाचा खडखडाट ऐकला असेल.” सोलापुरात हे निदान फार स्वस्त आहे. पण जरा विचार केला तर ते पटत नाही. मागाचा आवाज दोन्ही कानांवर साधारण सारखाच आदळतो. म्हातारपणही दोन्ही कानांना बरोबरच गाठतं. एकच कान मागे पडत असेल आणि कारण सापडत नसेल, तर आत डोकावून पाहावं लागतं. ही गोष्ट आम्हाला पुढे कळली. वाचकांपैकी कुणाला टेलिफोन नेहमी एकाच कानाला लावावा लागत असेल, तर त्यांनी एवढं वाक्य तरी लक्षात ठेवावं.

श्रवणचाचणीत गंमत झाली. कानात बारीक शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. डावा कान त्यात उजव्यापेक्षा कमी निघाला, पण अगदी बाद नव्हता. मग शब्द ऐकवले. आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हता. भिंतीपलीकडे कोणी बोलतंय हे समजावं आणि काय बोलतंय ते समजू नये, तसं. चाचणी घेणाऱ्या मुलीने कागदावर काहीतरी अधोरेखित केलं. कानाचं यंत्र एक वेळ ठीक असेल, पण यंत्रापासून मेंदूपर्यंतची तार दाबली गेली तर असं होतं. आवाज पोहोचतो, त्यातली अक्षरं वाटेत सांडतात. मास्कने आमचा पर्दाफाश केला तो याचमुळे. तोवर आम्ही नकळत ओठ वाचून भागवत होतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन एमआरआय काढला. काळ्या चित्रात पांढरा ठिपका दिसला, साधारण हरभऱ्याएवढा. कागदावर लिहिलं होतं ‘अकूस्टिक न्यूरोमा’.

या नावात दोन चुका आहेत. शिक्षक माणसाला त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकूस्टिक म्हणजे ऐकण्याशी संबंधित. पण ही गाठ बहुतेक वेळा ऐकण्याच्या नसेवर नसतेच. मेंदूतून निघणाऱ्या आठव्या नसेचे दोन भाग आहेत. एक ऐकण्याचा, दुसरा तोल सांभाळण्याचा. गाठ होते ती तोल सांभाळणाऱ्या नसेवर. न्यूरोमा म्हणजे नसेची गाठ म्हणावं, तर तेही खरं नाही. नसेभोवती वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं वेष्टण करणाऱ्या पेशी असतात, त्यांना श्वान पेशी म्हणतात. वाढतात त्या. म्हणून जाणकार तिला ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ म्हणतात. १९९१ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने हेच नाव वापरावं असं सुचवलं, तरी जुनं नाव काही सुटलं नाही. थोडक्यात, दोष तोलाच्या नसेवर आणि बदनामी ऐकण्याच्या नसेची. हे वाचलं तेव्हा आम्हाला खिडकीकडचा तो मुलगा आठवला.

आता तोलच का गेला नाही, असं कोणी विचारील. गाठ इतक्या हळू वाढते की मेंदू दुसऱ्या बाजूच्या भरवशावर तोल सावरून घेतो. अंधारात जिना उतरताना थोडं डगमगायचो, सजद्यातून उठताना क्षणभर झोक जायचा. आम्ही ते थकव्याच्या खात्यावर टाकलं होतं. शरीर एवढ्या शहाणपणाने झाकून घेतं की मालकालाच खबर नसते.

डॉक्टरांचा शब्द होता ‘सौम्य’. कॅन्सर नाही, दुसरीकडे पसरत नाही. वर्षाला लाखामागे एखाद-दुसऱ्या माणसात ती सापडते. बहुतेकांच्या एकाच बाजूला असते. दोन्ही बाजूंना असली तर तो वेगळा, आनुवंशिक आजार असतो, बाविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या दोषामुळे होणारा. आमच्या बाबतीत तसं नव्हतं. सौम्य हा शब्द ऐकून घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आम्हीही टाकला. पण जात सौम्य असली म्हणून काम सौम्य होतंच असं नाही. हीच गाठ पाठीच्या कातडीखाली असती तर आयुष्यभर कुणी विचारलं नसतं. ती आहे हाडाच्या एका अरुंद बोगद्यात, आणि त्याच बोगद्यातून चेहऱ्याची नसही जाते. हसू, पापणीची मिटणं, ओठांत पाणी धरणं, सगळं त्या नसेवर. गाठ बोगद्याबाहेर येऊन फार वाढली तर पुढे मेंदूचं खोड आहे. जागा चुकली की निरुपद्रवी वस्तूही उपद्रव करते. माणसांचंही असंच असतं का? आम्ही स्वभावाने दुष्ट नाही, असं आम्हाला वाटतं. पण हजेरीपट हातात असलेल्या खुर्चीवर बसलो की सौम्य माणसाच्या बेपर्वाईनेही बुजऱ्या मुलाच्या दंडावर वळ उठतात.

उपायांबाबत वाचू लागलो तेव्हा कळलं की शंभर वर्षांपूर्वी याच गाठीवरून मोठं भांडण झालं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी या शस्त्रक्रियेत दहापैकी सात-आठ रुग्ण दगावत. अमेरिकेच्या हार्वी कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला. त्यांची रीत अशी की गाठ आतून पोखरायची आणि बाहेरचं वेष्टण जागेवर राहू द्यायचं. मृत्यूचं प्रमाण शेकडा वीसच्या आसपास आलं. पण उरलेली गाठ पुढे पुन्हा वाढे. त्यांचेच एकेकाळचे सहायक वॉल्टर डँडी म्हणाले, काढायची तर सगळी काढा. त्यांनी तसं करून दाखवलं आणि गुरु-शिष्यांचं बिनसलं. एकाचं म्हणणं, माणूस आज जगला पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, आज वाचवून चार वर्षांनी त्याच मेजावर पुन्हा आणायचा का? दोघांची नीयत साफ होती, हे सांगायला नकोच. पुढे १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसचे विल्यम हाऊस यांनी सूक्ष्मदर्शक आणि ड्रिल घेऊन कानामागच्या हाडातून वाट काढली. हे गृहस्थ आधी दंतवैद्य होते. त्यांच्यामुळे जीव वाचवण्याबरोबर चेहरा वाचवण्याचाही विचार होऊ लागला, मात्र त्या वाटेने गेलं तर त्या कानाची उरलीसुरली श्रवणशक्ती संपते. सरळ सौदा. काय ठेवायचं आणि काय द्यायचं, एवढाच प्रश्न.

आज तीन वाटा आहेत. शस्त्रक्रिया. किरणांचा नेमका मारा, ज्याला गॅमा नाइफ म्हणतात, पण त्यात सुरी नसते. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी ती कल्पना १९५१ मध्ये मांडली. आपल्याकडे मुंबई-दिल्लीत हे यंत्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलं. त्याने गाठ निघून जात नाही. बहुतेकांमध्ये तिची वाढ थांबते. आणि तिसरी वाट, थांबून पाहण्याची. सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षाला एक. लहान गाठींपैकी पुष्कळशा वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात. काही क्वचित आकसतातही.

पुण्याच्या न्यूरोसर्जन बाईंनी तिन्ही वाटा समजावल्या आणि विचारलं, “तुम्हाला काय महत्त्वाचं आहे?” आम्ही म्हणालो, तुम्ही सांगाल ते. त्या म्हणाल्या, “मी गाठीबद्दल सांगू शकते. तुमच्याबद्दल तुम्ही सांगा.” बी.एड.ला आम्ही अध्यापनाची उद्दिष्टं पाठ केली होती, पण असा प्रश्न कोणी घातला नव्हता. बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा उत्तर सुचलं. चेहरा आणि शब्द. वर्गात मुलं शिक्षकाचा चेहरा वाचतात.

आम्ही थांबायचं ठरवलं. घरात वादळ झालं. अम्मीचं एकच म्हणणं, “निकाल के फेंक दे, बेटा. घर में साँप रख के कोई सोता है क्या?” चुलत्यांनी एका बुजुर्गांकडून दम केलेलं पाणी आणलं, ते आम्ही आदराने प्यायलो. एका सहकाऱ्याने थांबण्याला सबर म्हटलं, दुसऱ्याने भित्रेपणा. आम्हाला दोन्ही शब्द नीट बसत नाहीत. न बघता थांबणं वेगळं आणि बघत थांबणं वेगळं. आमच्या थांबण्याला तारखा आहेत, मोजपट्टी आहे, आणि दोन मिलिमीटरहून जास्त वाढ दिसली तर काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे. नॉर्वेच्या डॉक्टरांनी अशा शंभर रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. अर्ध्यांना लगेच किरण दिले, अर्ध्यांना थांबवून लक्ष ठेवलं आणि गाठ वाढली तरच उपचार केले. चार वर्षांनी किरण दिलेल्यांच्या गाठी लहान दिसल्या, पण ऐकण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. म्हणजे घाई केली नाही म्हणून कान गेला असं नाही, आणि थांबलो म्हणून वाचेल असंही नाही. गाठ जिथल्या तिथे असताना ऐकणं हळूहळू कमी होतच राहतं. आमचं झालं आहे. २०२५ च्या तपासणीत गाठ बारा मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. डावा कान मात्र आता शोभेला उरला आहे.

सांगावं की लपवावं, हा आणखी एक घोळ. हॉलिवूडचा नट मार्क रफेलो याला २००१ मध्ये हीच गाठ निघाली. बायकोचे दिवस भरत आले होते. बाळ जन्माला येईपर्यंत त्याने तिला सांगितलंच नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याचा अर्धा चेहरा बरेच महिने लुळा होता, डावा कान कायमचा गेला. तो पुढे पडद्यावर परतला. आमच्या गल्लीतली पोरं त्याला हिरवा राक्षस म्हणून ओळखतात. त्याचं लपवणं प्रेमापोटी होतं, ते समजतं. आम्हीही अम्मीपासून दोन महिने लपवलं. पण प्रेमापोटी लपवणाऱ्याने एक हिशेब तपासून पाहावा. त्या लपवण्याची किंमत कोण देतं? अम्मीपासून लपवलं त्याची किंमत आम्ही दिली, एकट्याने जागून. शाळेपासून लपवलं असतं तर किंमत पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत वाटली गेली असती. म्हणून शाळेत सांगितलं. मनात भीती होतीच, नोकरी करणाऱ्या माणसाला असते.

आता मूळ प्रश्नावर येतो. आम्ही आलिम नाही, पण फिकहची एक मोटी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. हातून चुकून कोणाचा जीव गेला, तर त्याला जाणूनबुजून केलेल्या खुनाच्या पंक्तीत बसवत नाहीत. तरीही दियत, म्हणजे भरपाई, मृताच्या घरच्यांना द्यावी लागते. त्यांनी स्वतःहून सोडली तर गोष्ट वेगळी. आणि कफ्फारा आहेच. म्हणजे नीयतीचा निवाडा एका दरबारात, नुकसानीचा दुसऱ्या. पहिल्यात सुटलात म्हणून दुसऱ्यात हजर राहायचं टळत नाही. आमचं प्रकरण त्यापुढे किरकोळ. पण तत्त्व तेच.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या दरबारातही आम्ही पुरते सुटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग घेताना फोन डाव्या कानावरून उजव्यावर कधी गेला ते आठवत नाही, पण गेला होता. रात्री कानात कुकरची शिट्टी लांबून वाजावी तसा आवाज येई. दीड वर्ष आम्ही ते उद्यावर ढकललं. माहीत नव्हतं, हे खरं. माहीत करून घेतलं नाही, हेही खरं. त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. ‘हाजिर’ ऐकू आलं नाही, तो दोष गाठीचा. ‘खोटं बोलतोस’ हे वाक्य जिभेने उच्चारलं, आणि जिभेवर कोणतीही गाठ नव्हती. मान वर करून एकदा खिडकीकडे पाहिलं असतं तर बहिऱ्या माणसालाही तो दिसला असता.

मार्च २०२२ मध्ये आम्ही हजेरीपट घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, सरकारी कागद आहे, खाडाखोड कशी करणार? शेवटी तेरा ठिकाणी लाल शाईने दुरुस्ती आणि प्रत्येक दुरुस्तीवर दोन सह्या. सव्वीस सह्या झाल्या. मग वर्गात उभे राहून सांगितलं की हा मुलगा खरं बोलत होता, आमचा कान खोटा होता. मुलं हसली. तो हसला नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बाप मागावरून नुकताच आला होता, केसांत कापसाचा भुसा. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “जाने दो सर, बाप हूँ, मारा तो मारा.” मग बराच वेळ गप्प बसून, मुलाकडे न बघता, “मेरे को भी पूछना था,” असं म्हणाला. बुडलेली मजुरी त्याने घेतली नाही. मुलाने काय सोडलं, काय ठेवलं, ते आम्ही विचारलं नाही. विचारायचा हक्क आमचा नव्हता.

तेव्हापासून आमचं टेबल वर्गाच्या अशा कोपऱ्यात आहे की डावा कान भिंतीला आणि सगळा वर्ग उजव्या कानाला. हजेरीला मुलं हात वर करतात. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही, सगळं उजवीकडूनच आल्यासारखं वाटतं. म्हणून दंगा कोणी केला हे आम्ही हल्ली ठरवत नाही. त्यामुळे दंगा थोडा वाढला आहे. बहिऱ्या कानापासून बऱ्या कानाकडे आवाज पोहोचवणारं यंत्र मिळतं, ते घ्यायचा विचार आहे, पण किंमत ऐकून सध्या विचारच आहे. कमी ऐकू येणाऱ्याला सर्वांत जास्त लागणारा शब्द म्हणजे ‘काही नाही, जाऊ द्या’. समोरचा दोनदा सांगून कंटाळतो आणि वाक्य परत घेतो. त्या वाक्यात काय होतं ते मग कधीच कळत नाही.

तो मुलगा २०२४ मध्ये दहावी झाला. मध्यंतरी एका दुपारी शाळेत आला. मिशी फुटलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. तो डाव्या बाजूने आला आणि काहीतरी बोलला. त्याच बारीक आवाजात. आम्ही म्हणालो, काय? त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिलं, फिरून उजव्या बाजूला आला आणि मोठ्याने म्हणाला, “सर, बोनाफाईड होना था. आयटीआय में देना है.”